शेजाऱ्याचं उघडं वायफाय वापरावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन फ्लॅटमधे राहायला आलं की स्वतःचं कनेक्शन लागेपर्यंत आठवडा-दहा दिवस जातातच, आणि नेमकं तेव्हाच फोनच्या यादीत एखादं बिनकुलपाचं नेटवर्क फुल रेंज दाखवत असतं. हॉस्टेल, पीजी, चाळ, गावातला वाडा, सगळीकडे हाच प्रकार. मी आजूबाजूच्या लोकांचे राउटर सेट करून देतो त्यामुळे हे प्रश्न मला सारखे विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. कायद्याची गोष्ट असेल तिथे कायदा सांगितलाय, बाकी ठिकाणी माझं मत आहे आणि ते मी मत म्हणूनच सांगतोय.

पासवर्डच नाहीये, म्हणजे कुणीही वापरा असाच अर्थ झाला ना?

नाही होत. रस्त्यावरची पाणपोई सगळ्यांसाठी असते, पण कुणाच्या ओसरीवर माठ दिसला म्हणून आपण न विचारता आत शिरून पाणी पीत नाही. विचारलं तर कुणी नाही म्हणणार नाही, ते वेगळं. घरातलं नेटवर्क उघडं का राहतं याची कारणं बघा, "या, वापरा" हे कारण जवळपास कधीच नसतं. राउटर अडकला म्हणून कुणीतरी मागचं रीसेटचं बटण दाबलेलं असतं आणि जुनं मॉडेल असेल तर ते रीसेट झाल्यावर बिनपासवर्डचंच सुरू होतं. केबलवाल्याचा पोरगा जोडणी करून घाईत निघून गेलेला असतो. आजी-आजोबांना पासवर्ड टाकायला जमत नाही म्हणून मुलाने परत जाताना काढून ठेवलेला असतो. घरात लग्न होतं, पाहुणे भरपूर, तेव्हा काढला तो परत लावायचा राहून गेला. यातल्या एकानेही तुम्हाला बोलावलेलं नाही, आणि बऱ्याच जणांना तर आपलं नेटवर्क उघडं आहे हेच माहीत नसतं, मग ज्याला माहीतच नाही त्याने परवानगी दिली असं कसं म्हणायचं?

परवानगी असेल तर ती दिसते. भिंतीवर पाटी असते, काउंटरवरचा माणूस सांगतो, जोडल्यावर अटींचं पान उघडतं, नाहीतर घरातल्या माणसाने तोंडाने हो म्हटलेलं असतं. यातलं काहीच नसेल तर परवानगी नाही असं धरून चाला.

त्यांचा अनलिमिटेड प्लॅन आहे, माझ्या दोन रील्सनी त्यांचं काय जातं?

कधीकधी काहीच जात नाही, हे मान्य. पण अनलिमिटेडलाही मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या घरगुती फायबर प्लॅनमधे ती बऱ्याचदा महिन्याला ३,३०० जीबी असते आणि गावाकडच्या किंवा गल्लीतल्या केबलवाल्याच्या स्वस्त प्लॅनमधे ती बरीच कमी असू शकते. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो, फोर-के असेल तर ७ जीबीपर्यंत. आणि ते उघडं नेटवर्क म्हणजे राउटर नसून कुणाच्या फोनचा हॉटस्पॉट असेल तर? त्या माणसाचा दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा तुमच्या एका मॅचमधे संपला आणि संध्याकाळी त्याला रिक्षाचे पैसे यूपीआयने देता आले नाहीत, असं अगदी सहज होऊ शकतं.

अजून एक गोष्ट आहे जी फारशी कुणाला माहीत नसते. वायफायचा एक चॅनल साधारणपणे एका वेळी एकाच डिव्हाइसच्या वाट्याला येतो. तुम्ही दोन भिंतींपलीकडून जोडलेले असता, सिग्नल कमजोर असतो, म्हणून राउटर तुमच्याशी हळू वेगाने बोलतो, आणि तुमचा थोडासा डेटा पाठवायलाही त्याला जास्त वेळ लागतो, तेवढा वेळ घरातले बाकीचे ताटकळतात. म्हणजे तुम्ही वापरला थोडाच, पण त्यांच्या मुलीचा इंटरव्ह्यूचा कॉल अडकला, आणि त्या बिचाऱ्यांना कारणही कळत नाही, ते कंपनीला फोन करून तक्रार करत बसतात.

पण माझ्या मते डेटा आणि स्पीड हे लहान नुकसान आहे. मोठं नुकसान नावाचं असतं.

नावाचं म्हणजे काय? मी काही गुन्हा करत नाहीये.

इंटरनेटवर तुमचं जे काही जातं ते ज्याचं कनेक्शन आहे त्याच्या नावावर जातं. घरात फोन, लॅपटॉप, टीव्ही मिळून दहा डिव्हाइस असले तरी बाहेरच्या जगाला बहुतेकदा त्या कनेक्शनचा एकच इंटरनेट पत्ता (आयपी अॅड्रेस) दिसतो. पोलिसांनी कंपनीला विचारलं की अमुक वेळी हा पत्ता कुणाकडे होता, तर कंपनी बिल ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव-पत्ता देते. तुमचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं.

हे महाराष्ट्रात घडून गेलंय आणि नवीन पिढीला ते आठवत नाही म्हणून सविस्तर लिहितो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमधे साखळी स्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनलना इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेच्या नावाने ईमेल आला होता. त्याचा माग काढत पोलिस पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरी. एटीएसने कॉम्प्युटर तपासणीला नेले, चौकशी झाली, देशभर पेपरात नाव छापून आलं. निघालं काय, तर त्याचं वायफाय उघडं होतं आणि बाहेरच्या कुणीतरी ते वापरून ईमेल पाठवला होता. पुढच्या महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. नंतर अटका झाल्या तेव्हा पोलिसांनी सांगितलं की ही माणसं लॅपटॉप घेऊन उघडी नेटवर्क शोधत फिरायची. जानेवारी २००९ मधे मुंबई पोलिसांनी स्वतःच उघडी वायफाय शोधत फिरायची मोहीम जाहीर केली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याबद्दल सूचना काढल्या.

तुम्ही असलं काही करणार नाही, हे मला माहीत आहे. पण रोजच्या आयुष्यातल्या गोष्टी बघा. टॉरेंटवरून चोरीचा सिनेमा उतरवला, बेटिंगचं अॅप चालवलं, रागाच्या भरात फेक अकाउंटवरून कुणाला शिवीगाळ केली, किंवा तुमच्या फोनमधे व्हायरस होता आणि त्याने तुमच्या नकळत शेकडो स्पॅम ईमेल पाठवले. चौकशी लागली तर बेल वाजणार शेजारच्या काकूंच्या दाराची. त्या निर्दोष सुटतीलही, पण पोलिस स्टेशनच्या चकरा, जप्त झालेला लॅपटॉप, सोसायटीतली कुजबुज हे सगळं कोण भरून देणार? म्हणून मी म्हणतो की न विचारता वायफाय वापरणं म्हणजे न विचारता दुसऱ्याचं नाव वापरणं, आणि मला ते डेटाच्या चोरीपेक्षा जास्त गंभीर वाटतं.

कायदा नेमकं काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३. मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर, कॉम्प्युटर सिस्टिम किंवा नेटवर्कमधे शिरलं तर नुकसानभरपाई द्यावी लागते. तिथे पासवर्ड होता की नव्हता असा प्रश्नच नाही, परवानगी होती का एवढंच विचारलंय. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवायच्या हेतूने केलं तर कलम ६६, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर ६६सी बघायचं, तिथेही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

आता यावर लगेच घाबरायची गरज नाही, शेजाऱ्याच्या वायफायवर व्हॉट्सअॅप बघितलं म्हणून कुणी तुम्हाला उचलून नेणार नाहीये. पण "कायद्यात असं काही नाहीच" असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते चुकीचं आहे. प्रकरण वाढलं तर हीच कलमं लागतात. आणि हे वाचून वकिलाचा सल्ला मिळाला असं समजू नका, खरंच अडचण आली असेल तर वकिलाकडे जा.

फोन आपोआप जोडला गेला, मी काहीच केलं नाही. तरी चूक माझी?

नाही. पण कळल्यावर पुढे वापरत राहिलात तर मात्र ती तुमची निवड झाली. सेटिंग्जमधे उघड्या नेटवर्कला आपोआप जोडायचा ऑप्शन असतो तो बंद करा, आणि ते नेटवर्क "फर्गेट" करा. अजून एक, तुमच्या फोनने एखादं नाव एकदा लक्षात ठेवलं की त्याच नावाचं दुसरं उघडं नेटवर्क दिसलं तरी तो जाऊन जोडतो, म्हणून प्रवासातली जुनी नेटवर्क अधूनमधून पुसत जा.

मी जोडलोय हे मालकाला कळतं का?

बघितलं तर कळतं. राउटरच्या पानावर किंवा अॅपमधे जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते आणि त्यात बऱ्याचदा फोनचं नावही दिसतं, लोकांनी फोनला स्वतःचंच नाव दिलेलं असतं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, मनाने बनवलेला मॅक पत्ता (डिव्हाइसचा ओळख क्रमांक) देतो, त्यामुळे नुसत्या मॅकवरून ओळखणं अवघड झालंय.

पण हा प्रश्न मला विचारला जातो तेव्हा मी उलट विचारतो, कळलं तर लाज वाटेल असं वाटतंय का? तसं वाटत असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे.

रेल्वे स्टेशन, कॅफे, हॉस्पिटल, तिथलं चालतं ना?

चालतं, ते तुमच्यासाठीच आहे. रेल्वेची कंपनी रेलटेल आणि गुगलने जानेवारी २०१६ मधे मुंबई सेंट्रलला सुरुवात केली, गुगल २०२० मधे बाहेर पडलं पण रेलटेलचं वायफाय आज ६,००० हून जास्त स्टेशनांवर आहे, मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, दिवसाची पहिली ३० मिनिटं फुकट. जानेवारी २०१७ मधे "आपले सरकार मुंबई वायफाय"चे ५०० हॉटस्पॉट सुरू झाले होते. ओटीपीचा कंटाळा करू नका, त्या ओटीपीमुळेच तिथे तुम्ही जे करता ते तुमच्या नावावर राहतं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

कॅफेचं वायफाय गिऱ्हाइकांसाठी असतं. एक चहा घेऊन चार तास बसायचं का, हे मालकाच्या चेहऱ्याकडे आणि रिकाम्या टेबलांकडे बघून ठरवा. पण आत न जाता बाहेर स्कूटरवर बसून रोज वापरणं मला बरोबर वाटत नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या स्पार्टा नावाच्या गावात २००७ मधे एका माणसाला याच गोष्टीसाठी ४०० डॉलर दंड आणि ४० तास समाजसेवा झाली होती, तो कॅफेबाहेर गाडीत बसून ईमेल बघायचा. आणि हा गुन्हा आहे हे त्या कॅफेच्या मालकिणीलाही माहीत नव्हतं. मला ती शिक्षा जास्त वाटते, आत जाऊन विचारलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

मित्राने पासवर्ड दिलाय, मी रूममेटला दिला तर?

विचारून द्या. पाहुणा म्हणून मिळालेली गोष्ट आपली होत नाही. आणि वायफायचे पासवर्ड शेअर करणारी अॅप असतात ती तर टाकूच नका, त्यातली काही तुमच्या फोनमधले दुसऱ्यांचे पासवर्ड सगळ्यांसाठी उघडे करतात, म्हणजे मावशीने दिवाळीत विश्वासाने दिलेला पासवर्ड तिच्या गल्लीतल्या कुणालाही मिळतो आणि तिला पत्ताही नसतो.

आणि खरोखरच गरज असेल तर? पेपर आहे, पूर आलाय, घरी कुणी आजारी आहे?

इथे मी नियम घेऊन बसणार नाही. पूर आलाय, मोबाईलचे टॉवर बंद आहेत आणि घरी "मी सुखरूप आहे" एवढा मेसेज पाठवायचाय, तर पाठवा, कुणीही भला माणूस त्याला हरकत घेणार नाही. फक्त काम झाल्यावर बंद करा आणि जमलं तर नंतर सांगा की तुमचं नेट वापरलं होतं.

गरजेचा दुसरा प्रकार जास्त अवघड आहे. २०२० च्या लॉकडाऊनमधे सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या एका मुलीने रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडी करून ऑनलाइन लेक्चर केली, बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. ज्यांच्या घरात एकच फोन आणि रिचार्जचेही वांधे अशी हजारो मुलं होती. त्यांच्यातल्या कुणी शेजारच्या बंगल्याच्या भिंतीला टेकून वायफाय वापरलं असेल तर त्या मुलाला चोर म्हणायची माझी तयारी नाही, आणि बंगल्यातल्यांनी बोलावून नेटवर्क दिलं असतं तर किती बरं झालं असतं असंच मला वाटतं. पण म्हणूनच सांगतो, विचारा. अभ्यासासाठी मागितलं आणि तोंडावर नाही म्हटलं असं मी फारसं बघितलेलं नाही. कुणी नाही म्हटलंच तर तो त्याचा हक्क आहे, रुसायचं नाही, लायब्ररी आहे, शाळा आहे, ग्रामपंचायत आहे, तिथे विचारायचं.

उघडं वायफाय वापरणाऱ्याला स्वतःला काही धोका असतो का?

असतो, पण लोकांना वाटतो तिथे तो आज फारसा नसतो. लोक म्हणतात कॅफेत बँकेचं अॅप उघडू नका. ते ठीकच आहे, पण आज बँका, ईमेल, बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असतात, म्हणजे मजकूर कुलूपबंद होऊन जातो आणि वाटेत कुणाला वाचता येत नाही. आधी तसं नव्हतं. ऑक्टोबर २०१० मधे फायरशीप नावाचं, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं एक्स्टेंशन आलं, ते टाकलं की त्याच उघड्या वायफायवरच्या दुसऱ्या माणसाच्या फेसबुक अकाउंटमधे एका क्लिकमधे शिरता यायचं. त्यानंतरच मोठ्या साइट घाईघाईने सुधारल्या. त्याच वर्षी गुगलनेही कबूल केलं की त्यांच्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांनी रस्त्याने जाताना उघड्या वायफायवरचा लोकांचा डेटा गोळा केला होता.

आजचा धोका खोट्या नेटवर्कचा आहे. कुणीही "फ्री एअरपोर्ट वायफाय" असं नाव देऊन स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करू शकतो आणि जोडल्यावर येणाऱ्या पानावर तुमचा ईमेल, पासवर्ड, कार्ड नंबर मागू शकतो. म्हणून नावावर विश्वास ठेवू नका, काउंटरवर विचारा की तुमच्या नेटवर्कचं नाव काय. ब्राउझरने सर्टिफिकेटची वॉर्निंग दिली, म्हणजे ही साइट खरी असल्याची खात्री पटत नाही असं सांगितलं, तर पुढे जाऊ नका. आणि शेजारचं जे उघडं नेटवर्क तुम्हाला आयतं मिळालेलं वाटतंय ते कुणी आणि कशासाठी उघडं ठेवलंय हे तुम्हाला खरंच माहीत नसतं.

मला माझं वायफाय मुद्दाम सगळ्यांसाठी उघडं ठेवायचंय. हे चूक आहे का?

चूक नाही, हेतू फार चांगला आहे आणि जगात बऱ्याच विचारी लोकांनी हे केलंय. ब्रूस श्नायर हे कॉम्प्युटर सुरक्षेतलं मोठं नाव, त्यांनी २००८ मधे जाहीर लिहिलं होतं की मी घरचं वायफाय उघडं ठेवतो आणि पाहुण्याला नेट देणं हा मला साधा पाहुणचार वाटतो. जर्मनीत फ्रायफुंक नावाची चळवळ आहे, स्वयंसेवक आपापले राउटर जोडून सगळ्यांसाठी फुकट नेटवर्क चालवतात. आणि तिथेच कायदा आडवा आला होता, २०१० मधे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं की वायफायला नीट कुलूप लावलं नाही आणि दुसऱ्याने त्यावरून गाणी उतरवली तर मालकाला वकिलाच्या नोटिशीचा खर्च द्यावा लागेल. लोक घाबरून नेटवर्क बंद करू लागले. शेवटी २०१७ मधे कायदा बदलून मालकांवरचं हे ओझं काढलं.

आपल्याकडे मात्र मी सरसकट उघडं ठेवा असं सांगणार नाही, २००८ चं वर सांगितलंच. वाटायचंच असेल तर अशा पद्धतीने वाटा की कोण वापरतंय हे तुम्हाला माहीत असेल. बऱ्याच राउटरमधे पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क असतं, त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या, सोय असेल तर स्पीडची मर्यादा घाला, त्यावरून सहसा तुमचा प्रिंटर किंवा कॅमेरा दिसत नाही. पासवर्ड कागदावर लिहून कामवाल्या मावशींच्या मुलाला द्या, वॉचमनला द्या, वरच्या मजल्यावरच्या पीजीतल्या मुलींना नवीन कनेक्शन येईपर्यंत द्या. हे उघड्या नेटवर्कपेक्षा मला जास्त आवडतं कारण यात देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात.

किराणा दुकान किंवा चहाची टपरी असेल आणि गिऱ्हाइकांना द्यायचं असेल तर सरकारची पीएम-वाणी योजना बघा, डिसेंबर २०२० मधे मंजूर झाली. दुकानदाराला लायसन्स लागत नाही, नोंदणी फी नाही, वापरणाऱ्याची ओळख आणि हिशोब अॅप आणि ॲग्रीगेटर (अनेक दुकानांचे हॉटस्पॉट एकत्र सांभाळणारी) कंपनी बघते, म्हणजे जबाबदारीचा सगळा भार तुमच्या एकट्यावर पडत नाही.

परदेशात शिकायला गेलेल्यांनी काय लक्षात ठेवायचं?

देशागणिक कडकपणा वेगळा. इंग्लंडमधे २००५ मधे पश्चिम लंडनमधल्या एका माणसाला घरांबाहेर लॅपटॉप घेऊन दुसऱ्याचं वायफाय वापरल्याबद्दल ५०० पौंड दंड झाला. सिंगापूरमधे २००७ मधे सतरा वर्षांच्या मुलाला शेजाऱ्याचं वायफाय वापरल्याबद्दल दीड वर्ष प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहायची शिक्षा. जर्मनीत शेअर फ्लॅटमधे राहात असाल तर टॉरेंटचं नावही काढू नका, नोटीस कनेक्शनवाल्या रूममेटच्या नावाने येते आणि तिथल्या वकिलांची बिलं विद्यार्थ्यांना परवडणारी नसतात.

शेजारी तयार आहेत, बिल अर्धं-अर्धं करू म्हणतायत. चालेल?

नैतिकदृष्ट्या मला यात काहीच वावगं दिसत नाही, दोघांना माहीत आहे, दोघं पैसे देताय. पण बहुतेक कंपन्यांच्या अटींमधे कनेक्शन दुसऱ्या घराला देऊ किंवा विकू नका असं असतं, ते वाचून घ्या. आणि नाव एकाचंच राहतं हे विसरू नका, म्हणून ज्याचं नाव त्याच्याशी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवा की काय चालेल आणि काय नाही.

जोडल्यावर त्यांचा टीव्ही, प्रिंटर, फोटोंचा फोल्डर दिसतोय. नुसतं बघितलं तर?

अजिबात नाही. नेट वापरण्यावर एकवेळ वाद घालता येईल, यावर नाही. राउटरचं अॅडमिन पान उघडून "सिक्युरिटी किती ढिली आहे ते बघत होतो" हेही नाही, मागितल्याशिवाय तपासणी करायचा तुम्हाला अधिकार नाही. त्यांच्या टीव्हीवर गंमत म्हणून व्हिडिओ लावणंसुद्धा नाही, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात रात्री अचानक टीव्ही बोलायला लागला तर काय होईल याचा विचार करा.

मुलगा शेजारच्यांचं वायफाय वापरतोय असं कळलं. ओरडू का?

आधी तो का वापरतोय ते विचारा. घरचा डेटा संपतो म्हणून, की घरच्या वायफायवर तुम्ही लावलेली बंधनं टाळायला म्हणून? पहिलं असेल तर घरची सोय वाढवा, दुसरं असेल तर बोलायचा विषय वायफाय नाहीच. पासवर्ड कुठून मिळाला तेही विचारा, शेजारच्या मुलानेच दिला असेल तर त्या मुलाला एकट्याला अडचणीत आणू नका. मग त्याला घेऊन शेजाऱ्यांकडे जा आणि त्यालाच बोलू द्या.

शेजारच्या काकांचं नेटवर्क उघडं आहे हे दिसतंय. सांगू की नको, त्यांना वाटेल मी वापरत होतो?

सांगा. वाटलं तर वाटू दे. "काका, तुमच्या वायफायला पासवर्ड नाहीये, यादीत उघडं दिसतंय, लावून देऊ का?" एवढं बास. ग्रुपवर जाहीर लिहू नका, तसं केलंत तर अख्ख्या बिल्डिंगला कुठलं नेटवर्क उघडं आहे ते कळेल. घरी गेलात तर त्यांच्याच फोनवरून, त्यांच्यासमोर करा. राउटरच्या खालच्या स्टिकरवर पानाचा पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो ब्राउझरमधे टाका आणि वायफाय सिक्युरिटीमधे कुलपाचा प्रकार डब्ल्यूपीए३ असेल तर तो, नाहीतर डब्ल्यूपीए२ निवडा. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार निवडू नका, तो काही मिनिटांत फुटतो. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा. अॅडमिनचा मूळ पासवर्डही बदला, तो तसाच ठेवला तर वरचं सगळं कुणीही आत येऊन परत काढू शकतं. पासवर्ड काकांना स्वतः ठरवू द्या, मराठी चार-पाच शब्दांचं लांबलचक वाक्य इंग्रजी अक्षरात लिहिलं तरी छान होतं आणि त्यांच्या लक्षातही राहतं. तो टाइप करताना तुम्ही दुसरीकडे बघा. मग काकूंचा फोन, टीव्ही आणि असला तर दाराचा कॅमेरा नवीन पासवर्डने परत जोडून द्यायला विसरू नका, नाहीतर संध्याकाळी सिरियलच्या वेळेला तुम्हालाच फोन येईल.